जुन्या बंदुकीला नवा दस्ता

अलिबाग-मुरूडच्या खाऱ्या, दमट हवेत बंदुकीचा लाकडी दस्ता फुगतो, सुकतो आणि मुठीपाशी चिरतो. एकनळी-दुनळीला कुशल कारागीर नवा घडवतो. अर्धस्वयंचलित ब्राउनिंग ऑटो-5 चे काम मात्र अवघड. 1902 पासून बेल्जियममध्ये बनलेल्या या बंदुकीची परतीची स्प्रिंग दस्त्याच्या आतल्या नळीत असते, म्हणून लाकूड आतून अचूक कोरावे लागते. अमेरिकेतली रेमिंग्टन मॉडेल 11 तिच्याच रचनेची. तरी एकीचा दस्ता दुसरीला बसेलच असे धरू नये. मॉडेल ओळखूनच तयार दस्त्याचा शोध घ्यावा. जुना तुटका दस्ता टाकू नका, मापासाठी तोच खरा आधार. लाकूड अक्रोडाचे, पुरते मुरलेले हवे. दुरुस्ती 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवानाधारकाकडूनच करून घ्यावी.