पोलिसातलं नाव निघतं का?

मालवणच्या कोर्टाबाहेर वकिलांना एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. "वकीलसाहेब, नाव काडून टाकूक किती पैशे लागतले?" विचारणारा बहुधा पंचविशीच्या आतबाहेरचा असतो. कुणाला आखातात नोकरी लागलेली असते, कुणाला बोटीवर जायचं म्हणून सीडीसी (खलाशाचा दाखला) काढायची असते, कुणी पोलीस भरतीची मैदानी परीक्षा मारलेली असते. आणि नेमकी जुनी केस आडवी येते. जत्रेतली मारामारी, मटक्याच्या टपरीवर पडलेली धाड, नाहीतर समुद्रातल्या पर्ससीन मासेमारीच्या भांडणात 'इतर पंचवीस ते तीस जण' म्हणून यादीत आलेलं नाव.

अशा मुलांनी मोबाइलवर अमेरिकेतल्या वकिलांचे व्हिडिओ पाहिलेले असतात. तिकडच्या अनेक राज्यांत अर्ज करून जुनी शिक्षा अभिलेखातून पुसून घेता येते किंवा बंद करून ठेवता येते, हे खरं आहे. ब्रिटनमध्येही १९७४ च्या कायद्याने ठरावीक वर्षं सरळ वागलेल्या माणसाला बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जात जुनी लहान शिक्षा सांगावी लागत नाही. आपल्याकडे सज्ञान माणसासाठी असा सर्वसाधारण कायदाच नाही. त्यामुळे 'पोलीस स्टेशनातून नाव साफ करून देतो' असं कुणी पैसे मागत सांगत असेल, तर तो फसवतोय. इतकं ऐकून बरेच जण हात टेकतात. तेही चूक, कारण आपल्या कायद्यात नोंद पुसली जात नसली, तरी त्या नोंदीचे परिणाम बरेच टाळता येतात. केस कशी संपवायची हे संपण्याआधीच ठरवावं लागतं, एवढंच. आपली माणसं तिथेच चुकतात.

'दंड भरला, विषय संपला'

हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. शिपाई नावाचा पुकारा करतो, आरोपी आत जातो. गुन्हा कबूल आहे का, असं न्यायाधीश विचारतात. तारखांना कंटाळलेला, दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडवणारा माणूस 'होय साहेब' म्हणतो. काही शे रुपये दंड होतो, तो न भरल्यास काही दिवस साधी कैद असं आदेशात येतं, आणि पावती खिशात घालून माणूस दुपारच्या आत घरी पोचतो. त्याच्या मते केस मिटली. कागदावर मात्र तो दोषी ठरला. दंड शंभर रुपयांचा असो की दहा हजारांचा, ती शिक्षाच. उद्या एखाद्या अर्जात 'तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का' असा रकाना आला, तर त्याचं खरं उत्तर 'होय' हेच.

शिवाय कबुलीमुळे अपिलाचं दारही जवळपास बंद होतं. गुन्हा कबूल करून झालेल्या शिक्षेवर अपील करता येतं ते फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर की बेकायदेशीर एवढ्याच मुद्द्यावर, आणि शिक्षा उच्च न्यायालयाने दिलेली असेल तर तेही नाही. 'मी ते केलंच नव्हतं' हे मग ऐकून घेतलं जात नाही.

गावातल्या राजकारणाशी याचा संबंध थेट आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १४ प्रमाणे दारूबंदी कायद्याखाली दोषी ठरलेला माणूस त्या दिवसापासून साधारणपणे पाच वर्षं ग्रामपंचायतीचा सदस्य होऊ शकत नाही. इतर बहुतेक गुन्ह्यांत निदान सहा महिन्यांच्या कैदेची अट आहे, दारूबंदीत तीही नाही. म्हणजे रस्त्यावर दारू पिऊन धिंगाणा घातल्याची केस कबूल करून किरकोळ दंड भरणारा उमेदवार छाननीच्या टेबलावर बाद होऊ शकतो, आणि विरोधी पॅनेल हे शोधून काढतंच. पाच वर्षांनी अपात्रता संपते. नोंद मात्र संपत नाही.

लोकअदालतीतही हीच गल्लत होते. तिथे केस दोन तऱ्हांनी निकाली निघते. फिर्यादी आणि आरोपी यांच्यात तडजोड झाली, आणि गुन्हा कायद्याने तडजोडीला पात्र असला, तर आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२०, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३५९, हे स्पष्ट सांगतं. दुसरी तऱ्हा म्हणजे कबुली आणि दंड. मंडप एक, दिवस एक, पण पहिला माणूस निर्दोष आणि दुसरा दोषी. बाहेर पडताना दोघेही 'लोकअदालतीत मिटलं' असंच सांगतात. साधी मारहाण, शिवीगाळ, कुंपण ओलांडून आत शिरणं यांत तडजोड होते. जुगारात होत नाही, कारण तिथे फिर्यादी सरकार असतं. कोयता किंवा दुसऱ्या हत्याराने दुखापत (जुन्या दंड संहितेचं कलम ३२४) यातही खालच्या कोर्टात होत नाही.

मग पुरावा भक्कम आहे आणि सुटायची आशा नाही अशा वेळी काय करायचं? परिवीक्षा अधिनियम १९५८ हा आपल्या वकिलांनीही फारसा न वापरलेला कायदा आहे. पहिलाच आणि लहान गुन्हा असेल तर न्यायाधीश समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेऊन सोडू शकतात. एकवीस वर्षांखालच्या आरोपीला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, कैदेत का पाठवायचं याची कारणं त्यांना लिहावी लागतात. या कायद्याचं कलम १२ सांगतं की अशा सुटकेनंतर दोषसिद्धीला चिकटलेली अपात्रता त्या माणसाला लागू होत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने हेही वारंवार म्हटलंय की यामुळे दोष पुसला जात नाही. नोकरी देणारा मूळ वर्तनाकडे बघू शकतो. अर्धी भाकरी, पण दंडाच्या पावतीपेक्षा बरी.

'सरकारने गुन्हे मागे घेतले'

डिसेंबर २०१९ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी नाणार रिफायनरीविरोधी आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली. प्रकल्पाच्या यादीत देवगड तालुक्यातली गिर्ये आणि रामेश्वर ही गावंही होती, त्यामुळे ही बातमी सिंधुदुर्गातही मोठी होती. पण मंत्रालयातल्या घोषणेने कुठलीच केस मागे जात नाही. सरकारी वकील कोर्टात अर्ज देतो, कोर्ट संमती देतं, तेव्हाच ती मागे जाते (जुनं ३२१, आता ३६०). आरोप निश्चित होण्याआधी झालं तर आरोपी मुक्त, नंतर झालं तर निर्दोष. आमदार-खासदारांवरचे गुन्हे तर ऑगस्ट २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेताच येत नाहीत. तेव्हा आंदोलनात नाव असलेल्या प्रत्येकाने आपल्या केसमध्ये तो आदेश झालाय का हे ई-कोर्ट्सवर स्वतः पाहावं. वर्तमानपत्रातलं कात्रण पडताळणीला चालत नाही.

'कोल्हापुरात जाऊन रद्द करून आणू'

गुन्हा रद्द करणं हे शिक्षा पुसणं नव्हे. उच्च न्यायालयाचा हा अधिकार (जुनं ४८२, आता ५२८) मुख्यतः चालू गुन्ह्यासाठी आहे. फिर्याद तशीच्या तशी खरी धरली तरी गुन्हा बनत नाही, किंवा फिर्याद सूडापोटी केलेली आहे, अशा वेळी तो वापरतात. तडजोडीला पात्र नसलेल्या गुन्ह्यातही दोन्ही पक्षांचं खरोखर जुळलं असेल आणि भांडण खासगी स्वरूपाचं असेल, तर २०१२ च्या ग्यानसिंग निकालाप्रमाणे तो रद्द होऊ शकतो. भाऊबंदकीतली कोयत्याची केस इथे बसू शकते. खून, बलात्कार बसत नाहीत.

या कामासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीही त्याला जोडले गेले. गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट चढला की झालं. अंतर कमी झालं, निकष मात्र तेच.

'निर्दोष सुटलो, म्हणजे नाव गेलं'

निर्दोष सुटल्यावरही पोलिसांच्या सीसीटीएनएस प्रणालीत एफआयआर असतोच आणि ई-कोर्ट्सवर नाव टाकलं की खटला दिसतो. फरक पडतो तो 'निकाल' या रकान्यात. तो भरला जाईल याची काळजी आपणच घ्यायची. निकालाची प्रमाणित नक्कल लगेच काढावी आणि पोलीस ठाण्यात अर्जासोबत देऊन पोच घ्यावी. कोर्टाच्या जुन्या फायली नियमाप्रमाणे नष्ट होतात, मग वीस वर्षांनी नक्कल मागायला गेलं तर हाती काही लागत नाही. तपासातच केस बंद झाली असेल तर 'ब' समरी की 'क' समरी, हा कागदही जपून ठेवावा. 'ब' म्हणजे फिर्याद खोटी निघाली.

सज्ञानांसाठी खरं पुसणं एका ठिकाणी आहे, आणि ते फारसं कुणाला ठाऊक नाही. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बोटांचे ठसे, फोटो वगैरे मापं ७५ वर्षं ठेवता येतात. पण पूर्वी कधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलांचे मार्ग संपले, की कोर्टाने कारण देऊन वेगळा आदेश केला नसेल तर ही मापं नष्ट करायची आहेत. त्यासाठी मागणी करावी लागते, आपोआप होईल म्हणून वाट बघू नये.

गूगलचं काय? दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एका भारतीय वंशाच्या अमेरिकन नागरिकाला दिलासा दिला. त्याचा निकाल शोधयंत्रात दिसू नये असा अंतरिम आदेश झाला. मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच एका आदेशाला मात्र सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्थगिती दिली. यावर विसंबून नोकरीचा बेत करू नये.

नोकरीत नाव असण्यापेक्षा लपवणं जास्त नडतं. अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी याचे नियमच घालून दिले. पडताळणीच्या फॉर्मवर विचारलेली माहिती खरी द्यायची. खरी दिली तरी नोकरी मिळेलच असं नाही, मालक विचार करू शकतो. पण तरुणपणी घोषणा दिल्यासारखी किरकोळ गोष्ट असेल तर लपवणंही माफ करण्याची मुभा त्याला आहे. गंभीर गुन्ह्यातून केवळ संशयाचा फायदा मिळून सुटलेल्याला पोलीस खातं नाकारू शकतं. हे मला कडक वाटतं, पण कायदा आज असा आहे.

'एफआयआर झाला, पासपोर्ट विसरा'

नुसत्या एफआयआरने पासपोर्ट अडत नाही. पासपोर्ट कायदा 'फौजदारी न्यायालयात प्रलंबित' खटल्याबद्दल बोलतो, आणि तपास चालू असणं म्हणजे न्यायालयात प्रलंबित असणं नव्हे. दोषारोपपत्र जाऊन कोर्टाने दखल घेतली की अडचण सुरू होते. तेव्हाही १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याच कोर्टाकडून परदेशी जाण्याची परवानगी आणता येते. आदेशात मुदत लिहिली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, आणि बोटीवरच्या करारासाठी तो पुरत नाही. अर्ज करतानाच मुदत मागून घ्यावी.

अठराच्या आतल्या मुलांची गोष्ट वेगळी, आणि चांगली आहे. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम २४ अपात्रता काढून टाकतं, आणि अपिलाची मुदत किंवा वाजवी काळ संपल्यावर अभिलेख नष्ट करण्याचे निर्देश मंडळाने द्यायचे असतात. अपवाद सोळा वर्षांवरच्या मुलाने केलेल्या आणि बाल न्यायालयात सज्ञानासारख्या चाललेल्या निर्घृण गुन्ह्यांचा. चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी अशी केस उघड करायची नाही. आई-वडिलांनी पुढे कुठल्याही फॉर्मवर ती लिहू नये.

आणि ज्यांना उगाच धास्ती असते त्यांच्यासाठी: एनसी (अदखलपात्र नोंद) म्हणजे एफआयआर नव्हे. चॅप्टर केसमध्ये तहसीलदारापुढे दिलेलं बंधपत्र ही शिक्षा नव्हे. मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्याने १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखाली लावलेली शास्ती खिशाला कितीही जड असली, तरी ती फौजदारी दोषसिद्धी नव्हे. वाहतुकीचं ई-चलान भरणं ही तडजोड धरतात, पण दारू पिऊन गाडी चालवल्याचा कोर्टातला दंड ही शिक्षा आहे.

कबुलीजबाबावर सही करण्याआधी वकिलाला विचारा, 'यात मी दोषी ठरतो की सुटतो?' वकील परवडत नसेल तर ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीतले आरोपी यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.