चार अंकांची साक्ष

धारणीच्या आठवडी बाजारात एखादी कोरकू बाई मोहाची फुले मापताना 'मिया, बारी, आफई, उफून' असे मोजू लागली, म्हणजे शेजारच्या मराठी दुकानदाराच्या 'एक, दोन, तीन, चार'शी त्या अंकांचे काही नाते दिसत नाही. परंतु त्यांच्याशेजारी संथाळांचे 'मित्, बार, पे, पोन' आणि हजार कोसांवरील व्हिएतनामचे 'मोत, हाय, बा, बोन' मांडून पाहिले, की रक्ताची ओळख हळूहळू पटू लागते. या गोतावळ्यास भाषाशास्त्रज्ञ ऑस्ट्रो-आशियाई कुळ म्हणतात.

शब्दांची उसनवारी शेजाऱ्यांत चालायचीच. आमच्या 'तालुका', 'दप्तर' यांवरून मराठीला कोणी फारशीची कन्या ठरवीत नाही. व्याकरणही संसर्गाने बदलते. 'आम्ही जाऊ' म्हणताना समोरच्यास वगळावयाचे आणि 'आपण जाऊ' म्हणताना सोबत घ्यावयाचे, हा संस्कृतात नसलेला भेद मराठीत द्राविडी शेजारामुळे रुजला असावा, असे पुष्कळ विद्वान मानतात. म्हणून वंशावळ ठरविताना अंक, सर्वनामे, अवयवांची नावे आणि त्यांतील ध्वनींचे नियमित साम्य यांची साक्ष काढतात. त्याच साक्षीने चंद्रपूरची गोंडी आणि यवतमाळची कोलामी, चहूकडे मराठीचा मुलूख असूनही, तेलुगू-कन्नडच्या द्राविड कुळात जातात.

पण बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या परिसरात हा साक्षीदारच फितूर निघतो. तेथील निहाली भाषेतले दोन, तीन, चार हे 'इरार, मोथ, नालो' असे द्राविडी वळणाचे, पाच मात्र 'पांचो', उघडउघड आर्य. आणि शब्दसंग्रहाचा मोठा वाटा कोरकूचा. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने १९०६ च्या खंडात तिला मुंडा, म्हणजे कोरकू-संथाळीच्या शाखेतील, भाषांच्या पंक्तीस बसविले होते. पुढे १९६२ साली डच पंडित कायपर यांनी एकेक शब्द पारखला, तेव्हा उसनवारी वजा जाता सुमारे चतुर्थांश शब्द असे उरले, की ज्यांचे मूळ भारतातल्या कोणत्याही ज्ञात कुळात सापडेना. कदाचित या भूमीवर आज नामशेष झालेल्या एखाद्या भाषाकुळाचा हा अखेरचा वारस असेल. माझ्या मते उभ्या महाराष्ट्रात याहून मोलाचा भाषिक दस्तऐवज नाही.

निहाली बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. आणि दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या भाषांची नावे खानेसुमारीच्या छापील कोष्टकांत स्वतंत्रपणे येत नाहीत.