राजदूत भारतीय, पण भारताचा नव्हे

वांद्रे येथे १४ एप्रिल १९३६ रोजी जन्मलेले इव्हान डायस मुंबईकरांच्या स्मरणात आहेत ते मुंबईचे आर्चबिशप आणि पुढे कार्डिनल म्हणून. मात्र १९९६ मध्ये ते पद स्वीकारण्यापूर्वीची बत्तीस वर्षे त्यांनी पोपच्या राजनैतिक सेवेत व्यतीत केली, याची दखल आपल्याकडे क्वचितच घेतली जाते.

पोप पॉल सहावे १९६४ मध्ये मुंबईला आले. त्या दौऱ्याच्या पूर्वतयारीपासून डायस यांच्या सेवेचा आरंभ झाला. पुढे स्कँडिनेव्हिया, इंडोनेशिया, मादागास्कर. १९८२ मध्ये आर्चबिशपपदासह घाना, टोगो व बेनिन. १९८७ मध्ये दक्षिण कोरिया. बदल्यांचा हा आलेख कोणाही सनदी अधिकाऱ्याला परिचित वाटेल. पण पोपच्या राजदूताच्या पाठीशी ना सैन्य, ना व्यापार. त्याच्या टेबलावरची सर्वांत महत्त्वाची फाइल असते ती बिशपपदासाठी रोमला कोणाची नावे सुचवायची, याची.

१९९१ मध्ये अल्बानियात पोहोचलेल्या डायस यांच्यापुढे सुचवण्याजोगी नावेच जवळपास नव्हती. एन्व्हर होजा यांच्या राजवटीने १९६७ मध्ये प्रार्थनास्थळांना टाळे ठोकले आणि १९७६ च्या संविधानाने निरीश्वरवादालाच राज्याचे धोरण केले. श्कोदरच्या कॅथेड्रलचे क्रीडागृह झाले होते. उरले होते ते तुरुंग आणि श्रमछावण्यांतून वाचलेले मोजके वृद्ध धर्मगुरू. राजदूतपद सांभाळतानाच दक्षिण अल्बानियाच्या चर्चचे प्रशासनही डायस यांनाच पाहावे लागले. तरीही दीड वर्षात, २५ एप्रिल १९९३ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्कोदरमध्ये चार बिशपांना दीक्षा दिली. श्रद्धेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. राज्याने समूळ पुसलेली संस्था पुन्हा उभी करणे, हे माझ्या मते प्रशासनातील कठीणतम काम आहे.

दिल्लीने व्हॅटिकनशी १९४८ मध्येच संबंध जोडले. परंतु तेथील आपल्या राजदूतपदाचा कारभार दीर्घकाळ बर्नमधील राजदूताकडेच जोडकामासारखा राहिला. व्हॅटिकनकडे केवळ अल्पसंख्याकांचा विषय म्हणून पाहण्याची ही सवय मला अदूरदर्शी वाटते. अल्बानियासारख्या देशांत राजवट बदलताना आतून काय घडते, हे तिच्या दूतांना अनेक परराष्ट्र खात्यांपेक्षा आधी कळते.

डायस २००६ मध्ये पुन्हा रोमला गेले, धर्मप्रसार विभागाचे प्रमुख म्हणून. आशिया व आफ्रिकेतील मोठ्या भूभागासाठी बिशपांची नावे आता त्यांच्याच टेबलावर येत. १९ जून २०१७ रोजी रोममध्येच त्यांचे निधन झाले.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून इंदिरा नगर, लखनौ येथे राहतात.)