भोजनाची मात्रा आणि उष्मांकांचा हिशेब

संयुत्त निकायाच्या कोसल-संयुत्तात ‘दोणपाक’ नावाचे एक छोटेसे सुत्त आहे. कोसलनरेश पसेनदी एका जेवणात दोणभर तांदळाचा भात खात असे. (दोण म्हणजे धान्य मोजण्याचे मोठे माप, पत्रावळीजवळचा द्रोण नव्हे.) असाच एकदा भरपेट जेवून, धापा टाकीत तो तथागतांच्या भेटीस आला. तथागतांनी भोजनात मात्रा जाणणाऱ्या माणसाविषयी एक गाथा म्हटली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करावयास सांगितली आणि रोज जेवणाच्या वेळी ती ऐकविण्याबद्दल त्याला शंभर कार्षापण देऊ केले. अट्ठकथेत पुढचा तपशील येतो : गाथा ऐकताच राजाने हातातला शेवटचा घास बाजूला ठेवायचा, त्या घासात शिते किती आहेत ते पाहायचे आणि पुढच्या वेळी तेवढे तांदूळ कमी शिजवायचे. असे करता करता राजा नाळीभर भातावर आला. नाळी हे दोणापेक्षा कितीतरी लहान माप. त्याचे शरीर हलके झाले आणि तो समाधानी झाला.

ही कथा प्रवचनांतून संयमाचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातील रीत अधिक महत्त्वाची वाटते. राजाने एका दिवसात अन्न तोडले नाही. त्याने मोजले, थोडे कमी केले, पुन्हा मोजले. सावकाश आणि टिकाऊ वजन उतरविण्यासाठी आजचे आहारशास्त्र जी पद्धत सांगते ती याहून फारशी वेगळी नाही. फरक एवढाच की शितांच्या जागी उष्मांक आले आहेत.

या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकड्या आता पन्नाशीत आहेत. त्यांचे आईवडील शेतात, खाणीत, गिरणीत राबले. त्यांना पोट कसे भरावे ही चिंता होती. मुले शिकली, खुर्चीवर बसली आणि चाळिशीतच मधुमेह व रक्तदाब यांच्या गोळ्या सुरू झाल्या. स्नेहमेळाव्यात जेवणाआधी खिशातून निघणाऱ्या डब्या पाहिल्या की हे सांगावे लागत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ग्रामीण भागातील माता व नवजात बालकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील अर्भकांचे ३.५ किलो, तरीही वजनाच्या मानाने आपल्या बाळांच्या अंगात चरबी अधिक, स्नायू कमी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी जगण्याचा ठसा शरीरावर असा राहतो आणि अशा शरीराला पुढे मुबलक अन्न व बैठे काम मिळाले की ते लवकर आजारी पडते. म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलतेची सीमा खाली ठेवली आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागल्यावर २३ च्या पुढे आकडा आला तर वजन जास्त, २५ च्या पुढे स्थूलता. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली असेल, तर वजनाचा काटा काहीही म्हणो, लक्ष द्यावे.

उष्मांक म्हणजे अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचे माप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी माणसाला बंद कक्षात ठेवून त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजली आणि अन्नघटकांची ऊर्जा ठरविली. ते आकडे आजही चालतात : पिष्ट पदार्थ व प्रथिने यांच्या एका ग्रॅमला ४ उष्मांक, तेल-तुपाच्या एका ग्रॅमला ९. हे एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

आता हिशेब. शरीर नुसते पडून राहिले तरी हृदय, मेंदू, यकृत यांना ऊर्जा लागते. तिचा अंदाज घेण्यासाठी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेले मिफ्लिन–सेंट जिओर सूत्र वापरतात. किलोतील वजनाला १० ने गुणावे, सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने, दोन्हींची बेरीज करून तीतून वयाची पाचपट वजा करावी. पुरुषाने उत्तरात ५ मिळवावेत, स्त्रीने १६१ वजा करावेत. आलेल्या आकड्याला दिवसभराच्या हालचालीनुसार गुणावे : जवळजवळ बसूनच दिवस जात असेल तर १.२, थोडे चालणे-फिरणे असेल तर १.३७५, अंगमेहनत मध्यम असेल तर १.५५. आपण बहुतेकजण स्वतःला एक पायरी वरचे समजतो. शंका असल्यास खालचा आकडा घ्यावा.

समजा, आपला एखादा माजी विद्यार्थी ४५ वर्षांचा, बँकेत नोकरीला आहे. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८० किलो. ८०० अधिक १०५०, त्यातून २२५ वजा, अधिक ५, म्हणजे १६३०. तो स्टेशनपर्यंत रोज चालत जातो, म्हणून १.३७५ ने गुणले : सुमारे २२४०. एवढे खाल्ले तर त्याचे वजन आहे तेथे राहील. यातून ४०० कमी केले की १८४० हे त्याचे दिवसाचे लक्ष्य झाले. एक किलो शारीरिक चरबीत साधारण ७७०० उष्मांक असतात, असे धरतात. रोजचे ४०० म्हणजे महिन्याला १२,०००. त्या हिशेबाने दीड किलो उतरेल. त्याच्या ४२ वर्षांच्या पत्नीची उंची १५२ आणि वजन ६६ किलो असेल, तर तिचा आकडा १२३९ येतो, घरकाम धरून सुमारे १७००. तिने ३०० कमी करून १४०० चे लक्ष्य ठेवावे. महिन्याला किलोभर उतरेल. नवऱ्याच्या ताटाचे माप तिला लागू पडत नाही, त्याचे कारण हे. स्त्रीने १२०० च्या आणि पुरुषाने १५०० च्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा अधिक घाई केली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. घोर तपश्चर्येने अस्थिपंजर झालेल्या सिद्धार्थाने सुजाताची खीर स्वीकारली आणि देहदंडनाचा मार्ग सोडला, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

लक्ष्य ठरले, ते ताटात कसे उतरवायचे? प्रत्येक घास तोलणे कोणाच्या हातून होत नाही. माझ्या मते किराण्याच्या यादीपासून सुरुवात करावी, कारण यादी खोटे बोलत नाही. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेलाचा डबा लागत असेल, तर ते साडेचार किलोंच्या वर तेल झाले. चौघांत आणि तीस दिवसांत वाटले तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३४० उष्मांक. तेच साडेतीन लिटरवर आणले की प्रत्येकाचे रोज शंभरेक उष्मांक कमी होतात. दोन चमचे साखरेचा, अर्धे दूध घातलेला कपभर चहा ७५ उष्मांकांचा. कार्यालयात पाच कप होतात : ३७५. दोनच कप, तेही बिनसाखरेचे घेतले तर ७०. आपल्या बँकेतल्या विद्यार्थ्याचे ४०० उष्मांक येथेच जवळजवळ पूर्ण झाले आणि त्याच्या भाकरीला कोणी हात लावला नाही.

भाकरीला उगाच दोष देण्याची हल्ली रीत आहे. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे २०० उष्मांकांची; पोट धरून ठेवते. मूठभर फरसाण, ५० ग्रॅम, त्याहून जास्त उष्मांकांचे आणि अर्ध्या तासात पुन्हा भूक. उकडलेल्या अंड्यात ७० ते ७५, मूठभर शेंगदाण्यांत १६०. डाळ, अंडी, मासे, सुकट, मांस यांतील प्रथिने कमी करू नयेत. वजन उतरत असताना शरीराच्या प्रत्येक किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिने मिळावीत. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकात तेल बोटाने मोजलेले असे. ते परवडत नव्हते म्हणून; पण आमटी, भाकरी, सुकट, रानभाज्या हे ताट आजच्या हिशेबातही चांगलेच बसते. जयंतीच्या व बुद्धपौर्णिमेच्या खीरदानाला नकार द्यावा असे मी म्हणणार नाही. वाटीभर खीर घ्यावी, त्या दिवशी रात्री भात सोडावा.

सूत्राने दिलेला आकडा हा अंदाज आहे, हे मात्र विसरू नये. भारतीय शरीरांच्या बाबतीत तो थोडा वाढीव येण्याचा संभव असतो. शिवाय आपण खाल्लेले कमी मोजतो. खरी परीक्षा काट्यावर. सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन करावे, वहीत लिहावे आणि आठवड्याची सरासरी काढावी. आज आणि उद्याच्या वजनातील किलोभराचा फरक पाण्याचा व मिठाचा असतो. त्याने आनंदू नये, खचूही नये. चार आठवड्यांनी सरासरी दीड किलोऐवजी अर्धाच किलो उतरली असेल, तर प्रत्यक्षात रोज ४०० नव्हे, सुमारे १३० उष्मांकच कमी पडत होते असे समजावे. मग आणखी १०० कमी करावेत आणि रोज अर्धा तास भराभर चालावे. त्याचे साधारण १०० धरता येतील. वजन ८० चे ७६ झाले की शरीराचा खर्चही पन्नासेक उष्मांकांनी घटतो, म्हणून दर चार-पाच किलोंनंतर हिशेब नव्याने मांडावा. वजन एका जागी अडकते ते बहुधा याच कारणाने, आणि नेमके याच वेळी लोक कंटाळून वही बंद करतात. वस्तुतः ८० किलोंतून ४ किलो गेले तरी रक्तातील साखर व रक्तदाब यांवर चांगला परिणाम दिसू लागतो.

इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट नोंदवितो. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत असे ठरविले. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी त्याला विरोध केला. मुंबई इलाख्यात मजुरांनी काम सोडले. आजच्या कोष्टकाने ते एक पौंड धान्य साडेपंधराशे उष्मांकांच्या आसपास भरते. वरच्या उदाहरणातील गृहिणीला मी याहूनही कमी सांगितले आहे. खडी फोडणाऱ्या माणसाला जो आकडा उपासमारीचा, तोच बसून काम करणाऱ्याला औषधाचा ठरतो. म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलू नये. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने दारिद्र्यरेषेसाठी ग्रामीण भागात २४००, शहरात २१०० उष्मांक धरले, त्यामागेही श्रमाचाच विचार होता. आपल्या वस्त्यांत आजही ज्यांना ते मिळत नाहीत, त्यांच्यासाठी हा लेख नाही.

गर्भवती व स्तनदा माता, मूत्रपिंडाचे रुग्ण, क्षयरोगातून उठलेले यांनी हा हिशेब स्वतः करू नये. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी आहार कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण औषधाची मात्रा तीच राहून अन्न घटले तर साखर एकाएकी खाली जाते.

आणि पालकांस विशेष सांगणे. वसतिगृहातील मुलीचा भात कमी करावा, ती जाड दिसू लागली आहे, अशी विनंती अलीकडे वरचेवर येते. १३ ते १५ वर्षांच्या मुलीची दिवसाची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या कोष्टकात २४०० उष्मांक आणि मुलाची २८६० दिली आहे. बैठे काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीची १६६०. चौदा वर्षांच्या लेकीला आईपेक्षा अधिक लागते. तिची हाडे, रक्त, उंची या वयात घडत असतात. तिच्या वजनाविषयी खरोखरच काळजी असेल, तर सुटीत घरी पाठविल्या जाणाऱ्या डब्यातला चिवडा आणि बाटलीतली शीतपेये कमी करावीत, तिला मैदानावर पाठवावे. भोजनगृहातले तिचे ताट मात्र भरलेलेच राहील.