गाडी कुठे आहे, हे कोण सांगतं?



नागपूरच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला, बॅनर लागलं, पण पापड-लोणच्याच्या पेट्या घेऊन निघालेला टेम्पो काही येत नाही. फोन केला की एकच उत्तर, "आलोच ताई, दहा मिनिटांत." ती दहा मिनिटं किती लांबतात, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे! इकडे सकाळची विक्री बुडते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

गाडी कुठे पोचली हे आता फोनवर बघता येतं. पण ते कसं कळतं आणि कधी कळत नाही, हे माहीत असेल तरच त्याचा खरा उपयोग.

उपग्रह आपल्याला बघत नाही

पुष्कळ जणींना वाटतं की वरून उपग्रह आपली गाडी बघतो. तसं नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवतात. मी कुठे आहे आणि किती वाजले, एवढंच त्यात असतं. आपला फोन रेडिओसारखा तो फक्त ऐकतो. संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून उपग्रह किती दूर आहे हे काढतो. असे किमान चार उपग्रह ऐकू आले की फोनला स्वतःची जागा कळते, तीही काही मीटरच्या फरकाने. त्याला ना पैसे लागतात, ना इंटरनेट. जीपीएस अमेरिकेचं आहे. आपल्या इस्रोनेही अशीच व्यवस्था उभारली. २०१६ मध्ये तिला 'नाविक' हे नाव मिळालं.

कळणं वेगळं, कळवणं वेगळं

गाडीतल्या फोनला जागा कळली, पण ती तुमच्यापर्यंत पोचवायला मोबाईलची रेंजच लागते. देवलापारकडून नागपूरला येणाऱ्या गाडीची रेंज जंगलपट्ट्यात गेली, तर नकाशावरचा ठिपका जागच्या जागी थांबलेला दिसेल. लगेच घाबरू नका. ठिकाण शेवटचं किती वाजता आलं, ते आधी बघा.

आपण काय करायचं?

• माल निघताना: ड्रायव्हरला व्हॉट्सअ‍ॅपवर 'लाइव्ह लोकेशन' पाठवायला सांगा. १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास असा पर्याय येतो. लांबच्या गाडीला ८ तास निवडा. साधं लोकेशन पाठवलं तर ते एकाच जागेचं असतं, पुढे सरकत नाही.

• भाडं ठरवताना: रस्ता किती किलोमीटर आहे ते नकाशावर आधीच बघा. मग भाव अंदाजाने नाही, हिशेबाने ठरतो.

• रेंज नसलेल्या रस्त्यावर: घरून निघण्याआधी गूगल मॅपमध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. इंटरनेट नसलं तरी रस्ता दिसतो.

• टॅक्सीत बसताना: १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या टॅक्सी आणि प्रवासी बसना ठिकाण सांगणारं यंत्र व आपत्कालीन बटण बंधनकारक आहे. रिक्षा आणि ई-रिक्षांना त्यातून सूट आहे. बसल्याबरोबर बटण कुठे आहे ते बघून ठेवा. रिक्षात असाल तर गाडीचा नंबर आणि लाइव्ह लोकेशन घरी पाठवा.

• अडचणीत: ११२ लावा. रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर विसंबून राहू नका. गाव, फाटा, जवळचं देऊळ किंवा पेट्रोल पंप तोंडाने सांगा.

एक सावधगिरी

लाइव्ह लोकेशन शंभर जणांच्या ग्रुपवर टाकू नका. तुम्ही कुठे आहात हे कळलं, म्हणजे घरी कोणी नाही हेही कळलं. एक-दोन विश्वासाच्या माणसांनाच पाठवा आणि पोचल्यावर बंद करा.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. ज्या ताईला जमतं तिने बाकीच्यांना करून दाखवावं, आणि प्रत्येकीने शेजारणीला एकदा तरी लोकेशन पाठवून बघावं. आणि माल बाहेर जाईल तेव्हा गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा फोन आणि निघाल्याची वेळ गटाच्या वहीत लिहून ठेवा. रेंज गेली तरी वही हाताशी असते.