संगणकाचा पंखा का घरघरतो?

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा गटाच्या असेंबल केलेल्या संगणकाचा पंखाही घरघरू लागतो. हा पंखा गारवा तयार करत नाही. प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो. हवाच तापलेली आणि जाळीत धूळ, कापसाचे तंतू अडकलेले असले की त्याला जोरात फिरावं लागतं. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ गेले की आधी काम मंदावतं, मग संगणक बंद पडतो. सेव्ह न केलेला बचतीचा हिशेब जातो.

महिन्यातून एकदा संगणक बंद करून वायर काढा, झाकण उघडा, पंख्याचं पातं बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ झाडा. सीपीयूचा डबा भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. कूलरची ओली हवा थेट त्यावर नको. तरीही घरघर राहिली, तर प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या. आणि मोठं काम सकाळच्या गारव्यातच उरका.