हुकूम वेगळा, माहिती वेगळी

बेंगळुरूतल्या के. आर. पुरमच्या केबल पुलापासून रोज सकाळी व्हाइटफिल्ड आणि आउटर रिंग रोडकडे संगणक अभियंत्यांची रीघ लागते. त्यात मराठी मुलंमुलीही आहेत. समजा, त्यांतली एक वसईची डिसोझा. रोमन लिपीत तिच्या आडनावात 'डी'नंतर एक अपॉस्ट्रॉफी येते. कंपनीच्या नोंदीतलं आडनाव दुरुस्त करायला ती बसते, बटण दाबते आणि पडद्यावर एरर येते.

प्रोग्रामरने तिचं आडनाव उचलून थेट हुकमाच्या वाक्यात जोडलेलं असतं:

अपडेट कर्मचारी सेट आडनाव = 'डि'सोझा' व्हेअर क्रमांक = 417

अपॉस्ट्रॉफी म्हणजेच एकेरी अवतरणचिन्ह, आणि ते डेटाबेससाठी मजकूर संपल्याची खूण. त्यामुळे आडनाव 'डि'पाशीच संपतं आणि उरलेलं 'सोझा' हुकमाचा भाग म्हणून वाचलं जातं. डेटाबेस अडतो.

इथे अडला हे बरंच झालं. कुणी पत्त्याच्या रकान्यात मुद्दाम पुणे' -- असं लिहिलं तर? डेटाबेसच्या भाषेत, म्हणजे एसक्यूएलमध्ये, दोन आडव्या रेघांपुढचं सगळं निव्वळ टिपण, म्हणजे न वाचण्याजोगं. 'व्हेअर क्रमांक = 417' ही अट त्यातच गडप होते. डेटाबेस कुरकुर न करता कंपनीतल्या झाडून सगळ्यांचा पत्ता पुणे करून टाकतो. पत्त्याच्या जागी पगाराचं किंवा पासवर्डचं कॉलम असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. जेफ फॉरिस्टल यांनी डिसेंबर 1998 मध्ये 'फ्रॅक' नियतकालिकात ही युक्ती जाहीरपणे मांडली. तरीही 2015 मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीची सुमारे 1 लाख 57 हजार ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली आणि कंपनीला 4 लाख पौंड दंड झाला.

खंत अशी की औषध रोगाचा बोभाटा होण्याआधीच हाताशी होतं. जावा भाषेतून डेटाबेसशी बोलण्याच्या जेडीबीसी या सोयीत 1997 पासून पॅरामीटर आहेत. त्यात हुकूम छापील अर्जासारखा रिकाम्या जागा ठेवून लिहितात:

अपडेट कर्मचारी सेट आडनाव = ? व्हेअर क्रमांक = ?

हे वाक्य डेटाबेस आधी वाचतो, त्याचा अर्थ लावतो आणि काम कसं करायचं ते ठरवतो. आडनाव आणि क्रमांक त्यानंतर, वेगळ्या वाटेने येतात. तोवर अर्थ लावून झालेला असल्यामुळे आलेल्या मजकुरात अवतरणचिन्ह असो की आडव्या रेघा, तो मजकूरच राहतो. अवतरणचिन्हं शोधून त्यांची डागडुजी करत बसण्यापेक्षा हा उपाय कितीतरी भक्कम आहे, कारण डागडुजीत एखादी जागा हमखास सुटते.

मात्र टेबलाचं किंवा कॉलमचं नाव असं रिकाम्या जागेत भरता येत नाही. ते ठरलेल्या यादीतूनच घ्यावं लागतं. आणि 'व्हेअर' लिहायलाच विसरलात तर पॅरामीटरही वाचवत नाही. म्हणून अपडेटनंतर किती नोंदी बदलल्या तो आकडा तपासावा. एक अपेक्षित असताना चारशे दिसल्या, तर बदल पक्का (कमिट) न करता मागे घ्यावा (रोलबॅक).

बऱ्याच संकेतस्थळांनी अवतरणचिन्हाच्या या अडचणीवर सोपी पळवाट काढली आहे: 'विशेष चिन्हे चालणार नाहीत.' वसईतल्या, गोव्यातल्या माणसांनी आपलं आडनाव का कापून घ्यावं? कॉलेजात डेटाबेस शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: फळ्यावरचं पहिलंच अपडेट प्रश्नचिन्हांसह लिहा, आणि प्रात्यक्षिकाला डिसोझा हेच आडनाव घ्या.